नापासबाईंचे वडील

घरातला नळ उघडायला पक्कड लागते, हे पाहुण्यांना सांगताना तिला आता लाजही वाटेनाशी झाली होती. पाहुणा हात धुवायला जायचा, नळाशी झटापट करायचा आणि ओशाळून बाहेर यायचा. मग आई शिवणाच्या खोलीतूनच ओरडायची, "पक्कड खिडकीत आहे हो!" नळात काही बिघाड नव्हता. बिघाड होता तो नळ बंद करणाऱ्या माणसात. तिचे वडील नळ बंद झाल्यावरही बंद करतच राहायचे. थेंब थांबला तरी त्यांचं समाधान होत नसे. अजून थोडं, अजून थोडं करत ते त्याचा गळा असा आवळत की वर्षातून एकदा आतली चकती चिरडून जाई आणि मग तो खरोखरच गळू लागे. "बघ," ते विजयी मुद्रेनं म्हणत, "मी म्हणत नव्हतो, नीट बंद होत नाही?"

अशा माणसाशी वाद तरी काय घालायचा? खुर्चीचा स्क्रू पिळायला घेतला की आटे जाईपर्यंत पिळणार. पाहुण्यांना निरोप द्यायला दारात गेले की पाहुण्यांचे पाय दुखेपर्यंत निरोप देणार. आणि चहा! साखर कधीच विरघळलेली असायची, तरी चमचा आपला फिरतोय, फिरतोय, किणकिण, किणकिण. सकाळी पेपर वाचताना ती कानात बोटं घालायची तेवढी बाकी राहिली होती.

हाच माणूस बॅटरीच्या कारखान्यात मात्र भाव खाऊन होता. मिश्रणखात्यात मिस्त्री म्हणून त्यांची हयात गेली. बॅटरीच्या धन बाजूला जी काळी पूड लागते, ती त्यांच्या ड्रममध्ये फिरून एकजीव व्हायची, मग चिकट द्रवात कालवली जायची, आणि तो काळा लगदा अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लेपायला पुढे जायचा. बाबांच्या ड्रममधून निघालेल्या मालात कुणाला कधी गुठळी सापडली नाही. कशी सापडणार? ठरलेली वेळ संपली तरी ते कडेला उभे राहून म्हणायचे, "अजून थोडं होऊ दे." सगळा कारखाना त्यांना पाठीमागे 'अजूनथोडे' म्हणायचा. कौतुकानंच म्हणायचा, पण म्हणायचा.

ती त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर होती, चाचणीच्या खोलीत. प्रत्येक लॉटमधल्या काही बॅटऱ्या यंत्राला जोडायच्या, भरायच्या, रिकाम्या करायच्या, पडद्यावरच्या रेघा बघायच्या आणि पेटीवर हिरवी किंवा लाल पट्टी चिकटवायची, हे तिचं काम. लाल पट्टी चिकटवताना ती कुणाचा मुलाहिजा ठेवत नसे, म्हणून तिचं नाव पडलं 'नापासबाई'. दुपारी दोघं कॅन्टीनमध्ये एका टेबलावर जेवत. दोघांचेही डबे बाबाच आपल्या पिशवीतून आणत. तिला तिचा डबा उचलू देत नसत, वय वाढलं तरी नाही. लेपाच्या यंत्रावरचा कोटिंगवाला जाता-येता म्हणायचा, "अजूनथोडे आणि नापासबाई! आमचं कसं व्हायचं!" तेव्हा बाबा खूश होऊन तिच्या डब्यात आपली भाजी वाढायचे. अर्थात नको म्हटल्यावरही वाढतच राहायचे.

हे सगळं ठीक चाललं होतं, तोवर नवं काम आलं. वीज गेली तर रुग्णाचं श्वासयंत्र ज्यांच्यावर चालायचं, त्या बॅटऱ्यांचं काम. त्यासाठी एक पूड पुरत नव्हती, दोन वेगवेगळ्या पुडी एकत्र करायच्या होत्या. बाबांनी पहिल्याच दिवशी त्यांची नावं ठेवली: थोरली आणि धाकटी. थोरलीत वीज भरपूर मावायची, पण स्वभाव तापट. जरा ताण पडला की गरम. धाकटी थंड डोक्याची, वर्षानुवर्षं कुरकुर न करता राबणारी, पण तिच्या पोटात मावायचं कमी. एकटीच्या भरवशावर रुग्णाला ठेवावं अशी दोघींपैकी कुणीच नाही. दोघी नीट नांदल्या तर मात्र सोनं. पूड उडू नये म्हणून दोन्ही दाणेदार करून यायच्या. थोरलीचे दाणे जाडसर, धाकटीचे त्याहून पुष्कळ बारीक. रंगानं दोघीही काळ्याकुट्ट.

अशी बॅटरी रिकामी होताना आधी थोरली खर्ची पडते. मग एका जागी विजेचा दाब झपकन उतरतो आणि तिथून पुढचा भार धाकटी उचलते. पडद्यावरच्या रेघेत तिथे एक पायरी दिसते. ती पायरी प्रत्येक बॅटरीत त्याच जागी यायला हवी. कारण पेटीत या बॅटऱ्या साखळीनं जोडलेल्या असतात. एक जरी इतरांच्या आधी दमली तरी सगळी पेटी बंद, आणि पेटीवर कोण श्वास घेतंय हे काही पेटीला ठाऊक नसतं.

पहिल्या ड्रमच्या बॅटऱ्या तिच्याकडे आल्या आणि तिनं कपाळाला हात लावला. एका ड्रमचा माल खालच्या तोंडातून थोडाथोडा काढून त्याचे घाणे करायचे, अशी पद्धत होती. पहिल्या घाण्याच्या बॅटऱ्यांत पायरी लवकर येत होती, शेवटच्या घाण्यात उशिरा. म्हणजे एकीकडे धाकटी जास्त, दुसरीकडे थोरली जास्त. वजनकाटे तपासले, बरोबर. दोन्ही पुडी वेगवेगळ्या तपासल्या, बिनचूक. मग उरलं काय? कुणालाही सुचेल तेच तिलाही सुचलं. तिनं लाल पट्टी लावली आणि कारण लिहिलं, 'मिश्रण अपुरं.'

संध्याकाळी बाबा चपला काढायच्या आधीच बोलले, "अपुरं? माझं मिश्रण अपुरं?"

"बाबा, तुमचं नाही, ड्रमचं."

"ड्रम काय आपला आपण फिरतो?"

"रेघांवर दिसलं ते मी लिहिलं. पायऱ्या जागेवर नाहीत."

"तुझ्या पायऱ्या गेल्या खड्ड्यात. ठरल्यापेक्षा जास्तच फिरवलाय मी ड्रम. विचार कुणालाही."

"मग आणखी फिरवा!" ती वैतागून म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी या माणसाला 'आणखी फिरवा' म्हणालं होतं. दुसऱ्या ड्रमच्या दिवशी ते जेवायलासुद्धा आले नाहीत. दोन्ही डबे कोटिंगवाल्याच्या हाती पाठवून दिले. ड्रम फिरत होता आणि ते त्याच्याजवळ हात मागे बांधून उभे होते, असं कोटिंगवाल्यानं तिला हसत हसत सांगितलं. "आज तर तुमचे बाबा ड्रमला भोवळ आणणार!" तीही हसली.

चाचणीला त्या बॅटऱ्या जोडल्या तेव्हा मात्र तिचं हसू पळालं. पायऱ्या आधीपेक्षाही विस्कटलेल्या! पहिला घाणा आणि शेवटचा घाणा एका कारखान्यातले आहेत असंही वाटू नये, इतका फरक. तिचं डोकंच फिरलं. ज्या माणसानं जन्मभर अजून थोडं अजून थोडं करून घरादाराचा जीव खाल्ला, त्यानं नेमकी या कामात टंगळमंगळ करावी? ती तशीच खाली कॅन्टीनमध्ये गेली. बाबा तिच्यासाठी थांबलेले, डबे उघडून ठेवलेले. ती बसण्याइतकीही थांबली नाही.

"बाबा, खरं सांगा. ड्रम फिरवला होता का नव्हता?"

"म्हणजे?"

"म्हणजे चालू केला आणि गेलात गप्पा मारायला, असं काही झालं का?"

आजूबाजूच्या टेबलांवरचे हात थांबले. बाबांनी हातातलं झाकण खाली ठेवलं. "तू मला खोटारडा म्हणतेस? सगळ्यांसमोर?"

"मी नाही म्हणत. रेघा म्हणताहेत."

त्यांनी आपल्या डब्याचं झाकण लावलं, अर्थातच घट्ट, आणि दूरच्या टेबलावर जाऊन तिच्याकडे पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत एकच डबा गेला. तिचा डबा ओट्यावर तसाच राहिला होता.

त्यानंतर त्यांनी तिच्याशी बोलणंच सोडलं. बोलणं सोडलं म्हणजे काय, सगळं बोलायचे, पण आईमार्फत. तिघं एका टेबलाशी, कोपराला कोपर लागतंय, आणि कारभार असा:

"तिला सांग, मी उद्या लवकर निघणार आहे."

"आई, त्यांना सांग, मला ऐकू येतं."

"तिला सांग, ऐकू येतं, पण कळत नाही."

आई कपडे शिवायची. तोंडात टाचण्या धरून ती हे सगळं सोसत होती. शेवटी तिनं टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "मी काय टपालखातं आहे? तुमचं तुम्ही बोला, नाहीतर दोघंही मुक्यानं जेवा." दोघंही मुक्यानं जेवले. ते तर जास्तच वाईट होतं.

आणि मग साहेबांनी तिला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. "पुढचा ड्रमही असाच निघाला, तर तयार मिश्रण बाहेरून मागवू," ते म्हणाले. "मिश्रणखातं बंद. तुमच्या वडिलांना पॅकिंगला देऊ. बसून काम आहे, या वयात बरंच की."

पॅकिंग म्हणजे खोक्यांना चिकटपट्टी लावणं. जिना चढताना तिला ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं. बाबा खोक्याला पट्टी लावताहेत, वर आणखी एक लावताहेत, त्यावर आणखी एक, आणि पॅकिंगमधली पोरं एकमेकांना डोळे मारताहेत. तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून संतापही आला. काय करून ठेवलंय या माणसानं! सरळ बोलत नाही, सरळ सांगत नाही, आणि आपलीच लाल पट्टी त्याला त्या खोक्यांपाशी नेऊन बसवणार.

सुट्टीच्या दिवशी ती शिवणाच्या खोलीत कापडांच्या गठ्ठ्यावर नुसती पडून होती. आईला कुणाच्या तरी कोटाला बटणं लावायची होती. तिनं बटणांचा पत्र्याचा डबा घेतला आणि लागली खडखडवायला. आधीच डोकं उठलेलं, त्यात हा आवाज.

"आई, बास ना! हातानं शोध."

"हातानं कशाला चिवडू? हलवलं की मोठी बटणं आपसूक वर येतात." आईनं झाकण उघडून दाखवलं. "लहान असताना तूच तर हलवून द्यायचीस. विसरलीस?"

वर सगळी कोटाची मोठी बटणं जमली होती. शर्टाची बारीक बटणं फटीफटींतून तळाला गेलेली.

ती उठून बसली. आईच्या हातातून डबा घेतला, बटणं हातानं नीट कालवली, मग डबा हलवला. आणखी हलवला. झाकण उघडलं. मोठी वर, बारीक खाली. पुन्हा कालवली, पुन्हा हलवला. आई म्हणाली, "अगं, झालंय काय तुला? तू पण त्यांच्यासारखी सुरू झालीस की काय?"

तिला काय झालं होतं ते आईला कुठे सांगणार! लहानपणी ज्या डब्याशी खेळली, तो डबा इतकी वर्षं हेच ओरडून सांगत होता. जाड आणि बारीक दाणे काही वेळ फिरवले तर मिसळतात. त्यापुढे फिरवत राहिलं की बारीक तळाला सरकतात आणि थोरली-धाकटी पुन्हा वेगळ्या होतात. बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांनी ड्रम फिरवला होता, ठरल्यापेक्षा जास्त फिरवला होता, आणि तिथेच सगळा घात झाला होता. त्यावर 'आणखी फिरवा' हा शहाणपणा कुणी शिकवला? तिनंच. आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

बाबा गॅलरीत कपड्यांच्या दोरीची गाठ आवळत उभे होते. ती धावत दारापर्यंत गेली आणि थांबली. बटणांचा डबा म्हणजे ड्रम नव्हे. आणखी एकदा चुकीचं बोलून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मास्क लावून मिश्रणखात्यात उतरली. नापास झालेला थोडा माल ड्रममध्ये शिल्लक होता.

"मिस्त्री," ती म्हणाली, कारखान्यात ती त्यांना तेच म्हणायची, "ड्रम मधे मधे थांबवून मला माल काढून हवाय. वरचा वेगळा, तळाचा वेगळा."

"पाळत ठेवायला आलीस?" इतक्या दिवसांनी थेट तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

"तसं समजा हवं तर. पण फिरवा."

त्यांनी ड्रम चालू केला आणि तोंड फिरवून उभे राहिले. तिनं सोबत एक बारीक चाळणी आणली होती. जाड दाणे वर राहावेत, बारीक खाली पडावेत, इतकं साधं काम. थोडा वेळ फिरवून ड्रम पहिल्यांदा थांबवला तेव्हा वरचा माल आणि तळाचा माल सारखाच निघाला. चाळणीवर उरलेले ढीग जुळ्या भावंडांसारखे. मग ड्रम पुष्कळ वेळ फिरला. या खेपेला तळाचा माल चाळला तर जवळजवळ सगळाच गळून गेला. आणि वरचा चाळला तर चाळणीवर थोरलीचा डोंगर.

बाबा केव्हा वळून बघायला लागले होते, ते तिला कळलंही नाही. त्यांनी तिच्या हातातून चाळणी घेतली, झटकली, ड्रममधून स्वतः माल काढला आणि स्वतः चाळला. मग परत एकदा. दोन्ही वेळा तेच. चाळणी हातात धरून ते त्या डोंगराकडे बघत राहिले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"बाबा, मी सांगितलं होतं, आणखी फिरवा म्हणून."

"तू परवा सांगितलंस गं. मी जन्मभर फिरवतोय."

"आधी एकच पूड असायची ना. त्यात काय वेगळं होणार होतं? हे आत्ता, दोन पुडी आल्यावर..."

ते ऐकत नव्हते. चाळणी त्यांनी तिच्या हातात दिली आणि मास्क नीट करायच्या निमित्तानं भिंतीकडे वळले. आता आपण बोलतच राहिलो तर काहीतरी कायमचं तुटेल असं तिला वाटलं, आणि ती तशीच वर निघून आली.

तिसऱ्या ड्रमच्या दिवशी साहेब स्वतः हजर. कोटिंगवाला काही ना काही कारण काढून दारात. ती काचेपलीकडे उभी होती आणि तोंड उघडायचं नाही अशी तिनं स्वतःलाच तंबी दिली होती. ड्रम सरसर फिरत होता. बाबांचा हात बटणाजवळ. ठरलेली वेळ भरत आली तसे ते तळवा पँटला पुसायला लागले. पुसायचे, हात बटणाजवळ न्यायचे, मागे घ्यायचे.

आणि नेमकं त्याच वेळी साहेब म्हणाले, "मिस्त्री, इतक्यात काय? अजून थोडं फिरवून घ्या की, खात्रीला."

साहेबांच्या त्या 'अजून थोडं'वर कोटिंगवाल्यानं ओठ दाबला. तिच्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला आजच हे सुचावं! काचेतून तिला बाबांचा चेहरा दिसत होता. त्यांना फिरवायचं होतं. मनापासून फिरवायचं होतं. एवढ्यात थांबणं म्हणजे काम अर्धवट टाकणं, असंच त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. आणि आता तर खुद्द साहेबांची परवानगी होती. माल बिघडला असता तरी दोष त्यांच्या एकट्याच्या माथी आला नसता.

त्यांनी ड्रम बंद केला. किल्ली काढली, खिशात घातली, आणि खिशावर हात ठेवून उभे राहिले.

"तुमची जबाबदारी हं," साहेब म्हणाले.

"माझीच," बाबा म्हणाले. तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

त्या ड्रमच्या बॅटऱ्या तयार होऊन वर येईपर्यंत तिनं घरात आणि कारखान्यात सगळ्यांवर डाफरून घेतलं. शेवटी पहिल्या आणि शेवटच्या घाण्याच्या बॅटऱ्या जोडल्या आणि बघते तर पडद्यावर एकच रेघ! झालं, आता यंत्रही दगा देणार. चरफडत तिनं वायर हलवल्या, जोडण्या काढून परत लावल्या, तरी रेघ एकच. मग डोळे पडद्याला लावून बघितलं तेव्हा कळलं, रेघा सगळ्या होत्या. एकमेकींवर बसल्या होत्या. पायरीवर पायरी. तिनं हिरवी पट्टी काढली आणि घाईघाईनं चिकटवली, ती वाकडी लागली. तशीच राहू दिली.

संध्याकाळी बाबा टेबलाशी चहा घेऊन बसले होते. चमचा फिरत होता. किणकिण, किणकिण. आतल्या खोलीत आईचं मशीन चालू होतं.

"बाबा, हिरवी लागली."

"कळलं. कोटिंगवाला सांगून गेला." किणकिण.

ती समोर बसली. "त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी तुम्हाला सगळ्यांसमोर..."

"हं."

"मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही मला आधीच सांगितलं होतं, जास्त फिरवलं म्हणून. तुम्ही खरं तेच सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. वर तुम्हालाच खोटं पाडलं, तेही चारचौघांत. तुम्ही माझ्यासाठी जेवायचे थांबला होतात. नंतर कळल्यावर तरी मी लगेच येऊन सांगायला हवं होतं, पण मी तुमच्याशी बोलायलाच..." तिला थांबताच येईना. सांगून झालेलं ती पुन्हा सांगत होती, आणखी काही जोडत होती, आणि डोळे वाहायला लागले तरी बोलतच होती.

चमचा थांबला.

"पुरे," बाबा म्हणाले.

आतलं मशीन थांबलं. आई दारात येऊन उभी राहिली, तोंडात टाचण्या तशाच. या घरात हा शब्द त्या आवाजात कुणी कधी ऐकला नव्हता.

"उद्या तुझा डबा माझ्या पिशवीत टाक," ते म्हणाले, आणि चहा पिऊन उठले.

तिनं डोळे पुसले आणि त्यांचा कप उचलला. तळाला थोडी साखर न विरघळता तशीच राहिली होती. कप विसळायला ती नळाशी गेली आणि खिडकीतली पक्कड घेतली.